कळा सोसणे हा नियम नव्हे: प्रसूतीवेदनेवरचे नवे संशोधन आणि संग्रामपूरची बाळंतीण

महाराष्ट्रात बाळंतपणाची जागा एका पिढीत बदलली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या ९४.७ टक्के प्रसूती रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात झाल्याची नोंद आहे. मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आले. यामागे आशाताईंची पायपीट आहे, परिचारिकांची रात्रपाळी आहे आणि १०२ व १०८ च्या गाड्या आहेत. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळा, टुनकी, पातुर्डा अशा गावांतली सून आता घरातल्या बाजेवर नव्हे, तर दवाखान्याच्या टेबलावर बाळंत होते.

तिथे पोचल्यावर तिचा रक्तदाब मोजतात, बाळाचे ठोके ऐकतात, रक्तस्राव थांबवणारे इंजेक्शन तयार ठेवतात. पण कळांचे काय? त्या तिच्या आजीने जशा सोसल्या तशाच ती सोसते. जीव वाचवण्याच्या धडपडीत वेदनेचा प्रश्न मागे राहिला. त्याला साथ मिळाली ती एका जुन्या समजुतीची: कळा सोसल्याशिवाय आईपण येत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत या विषयावर मोठ्या आणि काटेकोर चाचण्या झाल्या आहेत. त्या काय सांगतात आणि त्यातले काय संग्रामपूरच्या बाळंतिणीपर्यंत पोचू शकते, हे या लेखात पाहू.

जुना वाद

प्रसूतीत भूल देण्याचा इतिहास १८४७ पासून सुरू होतो. त्या वर्षी एडिनबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी आधी ईथर आणि नंतर क्लोरोफॉर्म वापरले. धर्माच्या नावाने विरोध झाला, तसा वैद्यकाच्या नावानेही झाला. १८५३ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म दिले आणि विरोधाची धार बोथट झाली. आपल्याकडे हैदराबाद संस्थानात रुपाबाई फर्दुनजी या १८८९ पासून क्लोरोफॉर्म देण्याचे काम करत होत्या. जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

क्लोरोफॉर्मचा दोष असा की त्याने आईची शुद्ध हरपे आणि औषध बाळापर्यंतही पोचे. नवजात बाळाची प्रकृती पाच खुणांवर तपासणारी पद्धत १९५३ मध्ये मांडणाऱ्या व्हर्जिनिया ॲपगार स्वतः भूलतज्ज्ञ होत्या. आईला दिलेल्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. आज आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहात बाळाचा ॲपगार गुण लिहिला जातो. आईच्या वेदनेसाठी मात्र बहुतेक केसपेपरवर रकाना नसतो.

एपिड्युरल: शंका आणि उत्तरे

कळांच्या पहिल्या टप्प्यात गर्भाशयाच्या आकुंचनाची आणि पिशवीचे तोंड उघडण्याची वेदना छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मज्जारज्जूपर्यंत जाते. दुसऱ्या टप्प्यात बाळ खाली सरकले की योनिमार्ग ताणला जातो आणि ती वेदना माकडहाडाजवळच्या नसांतून वर चढते. एपिड्युरलमध्ये मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत बारीक नळी ठेवून तिच्यातून औषध देतात. त्यामुळे हे दोन्ही मार्ग अडवता येतात. आई पूर्ण जागी असते, बोलते, बाळ बाहेर येताना पाहते.

या पद्धतीवरचा पहिला आक्षेप असा की तिच्यामुळे सिझर वाढते. २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ७५० पहिलटकरणींवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला कळांच्या सुरुवातीलाच पाठीतून वेदनाशमन दिले, तर दुसऱ्या गटाला ते उशिरा दिले. सिझरचे प्रमाण लवकर दिलेल्या गटात १७.८ टक्के आणि उशिरा दिलेल्या गटात २०.७ टक्के निघाले. म्हणजे लवकर दिल्याने सिझर वाढले नाही. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ४० चाचण्या आणि ११ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली. एपिड्युरलमुळे सिझर वाढत नाही, हाच निष्कर्ष त्यातूनही निघाला.

दुसरा आक्षेप चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागण्याचा. जुन्या चाचण्यांत तो खरा ठरला होता. मात्र त्याच आढाव्यात २००५ नंतरच्या चाचण्या वेगळ्या काढून पाहिल्यावर हा फरक दिसेनासा झाला. याचे कारण औषधाच्या मात्रेत आहे. पूर्वी औषध इतके तीव्र असे की पाय जड होत आणि जोर काढता येत नसे. ब्रिटनमधल्या 'कॉमेट' चाचणीने २००१ मध्येच दाखवले होते की कमी मात्रेचे औषध वापरले, तर उपकरणाशिवाय होणाऱ्या प्रसूती ३५ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर जातात. आज बुपिव्हकेन या बधिर करणाऱ्या औषधाची सौम्य मात्रा आणि किंचित फेंटानिल हे अफूवर्गीय औषध यांचे मिश्रण वापरतात.

तिसरी शंका आपल्या गावागावांत ऐकू येते: पाठीत सुई टोचली की कंबर जन्मभर दुखते. चाचण्यांत एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांच्या दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती गरोदरपणातले शरीराचे बदल, बाळाला उचलणे, वाकून कामे करणे आणि विश्रांती न मिळणे यांमुळे. ज्या घरात ही शंका आहे तिथे परिचारिकेने एवढी गोष्ट शांतपणे सांगितली तरी पुष्कळ साधेल.

चौथी शंका अलीकडची. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासाने एपिड्युरलचा संबंध मुलांमधल्या स्वमग्नतेशी जोडला आणि जगभर घबराट पसरली. पुढच्याच वर्षी कॅनडा आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मोठ्या लोकसंख्येच्या नोंदी तपासल्या. आईचे वय, शिक्षण, आजार आणि कौटुंबिक पार्श्वभूमी यांचा हिशेब धरल्यावर तो संबंध उरला नाही किंवा नगण्य ठरला. एका अभ्यासावरून घाबरू नये, हा धडा त्यातून घ्यावा.

एपिड्युरलचे तोटेही सांगायला हवेत. पहिला टप्पा साधारण अर्ध्या तासाने आणि दुसरा सुमारे पाव तासाने लांबतो. रक्तदाब उतरू शकतो, लघवी अडू शकते. काही स्त्रियांना ताप येतो. तो बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचा नसून शरीरातल्या दाहाचा असतो, असे आजचे संशोधन सांगते, पण त्याचे नेमके कारण अजून शोधले जात आहे. साधारण शंभरात एकीच्या बाबतीत सुई आतल्या आवरणाला लागते आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींना तीव्र डोकेदुखी होते. तिच्यावर उपचार आहेत, पण ती ओळखणारा माणूस हजर असावा लागतो.

अलीकडच्या अभ्यासांत सर्वात लक्षवेधी निष्कर्ष स्कॉटलंडमधून आला. २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ५ लाख ६७ हजार प्रसूतींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एपिड्युरल घेतलेल्या मातांत गंभीर गुंतागुंत ३५ टक्क्यांनी कमी आढळली. ज्यांना वैद्यकीय कारणासाठी एपिड्युरलची शिफारस होती किंवा ज्यांची प्रसूती वेळेआधी झाली, त्यांच्यात हा फायदा आणखी मोठा होता. हा निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास आहे, चाचणी नव्हे, म्हणून त्यातून कारण-परिणाम ठामपणे सांगता येत नाही. तरी त्यामागची कारणे पटण्याजोगी आहेत. वेदना आटोक्यात असली की रक्तदाब आणि हृदयावरचा ताण घटतो, लक्ष सतत राहते, आणि तातडीचे सिझर करावे लागले तर नळी आधीच जागेवर असते. याच अभ्यासात आणखी एक बाब नोंदली आहे. ज्यांना एपिड्युरलचा सर्वाधिक लाभ झाला असता, अशा अनेकींना ते मिळाले नव्हते.

तंत्रातही सुधारणा होत आहेत. औषध सतत थेंब-थेंब सोडण्याऐवजी ठरावीक अंतराने यंत्रामार्फत थोडे-थोडे सोडले, तर ते अधिक पसरते आणि पायांतली ताकद टिकते. कमरेची रचना अवघड असेल तर सोनोग्राफीने सुईची जागा आधी पाहता येते. ब्रिटनमधल्या 'बम्प्स' चाचणीत (२०१७) कमी मात्रेचे एपिड्युरल घेतलेल्या तीन हजारांवर पहिलटकरणींना दुसऱ्या टप्प्यात एक तर उभट स्थितीत ठेवले, नाही तर कुशीवर झोपवले. कुशीवर असलेल्यांत नैसर्गिक प्रसूती ४१ टक्के, तर उभट स्थितीतल्यांत ३५ टक्के झाल्या. कुशीवर वळवायला काही खर्च येत नाही.

भूलतज्ज्ञ नसेल तेव्हा

संग्रामपूरसाठी खरा प्रश्न इथून पुढे आहे. एपिड्युरलला भूलतज्ज्ञ लागतो, आणि तो अर्ध्या तासापुरता नव्हे, तर प्रसूती होईपर्यंत हाकेच्या अंतरावर लागतो. तालुक्याच्या आरोग्य केंद्रांत आणि वरवट बकालच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर चोवीस तास अशी सोय उभी करणे आज अवघड आहे. म्हणून तिथे काहीच करायचे नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत वेदनाशमनाचे अनेक मार्ग दिले आहेत: एपिड्युरल, अफूवर्गीय औषधांचे इंजेक्शन, श्वासाचे आणि शिथिलीकरणाचे व्यायाम, मालिश, शेक. यातला कोणता घ्यायचा, हे आईने ठरवायचे.

सगळ्यात आधी सोबत. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्यांतल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती आहे. कळांच्या काळात एखादे माणूस सतत जवळ राहिले, तर नैसर्गिक प्रसूती वाढतात, वेदनाशामकांची गरज घटते आणि बाळंतपणाचा अनुभव बरा वाटतो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिगृहांत सोबतिणीला परवानगी दिली आणि २०१७ पासून प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्याच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात तिचा समावेश आहे. तरीही अनेक ठिकाणी आई, सासू किंवा जाऊ दाराबाहेरच थांबते. पडदे लावून खाटा वेगळ्या केल्या की इतर बाळंतिणींच्या खासगीपणाचा अडथळा दूर होतो.

दुसरा उपाय पाण्याच्या इंजेक्शनांचा. अनेकींना कळा पोटापेक्षा कमरेत जास्त येतात. अशा वेळी कमरेच्या खालच्या भागात त्वचेलगत चार ठिकाणी निर्जंतुक पाण्याचे थेंबभर इंजेक्शन देतात. टोचताना अर्धा मिनिट जोरदार चुरचुरते, मग दीड-दोन तास आराम पडतो. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या १,८६६ स्त्रियांच्या चाचणीत (२०२०) पाणी टोचलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के जणींची वेदना अर्ध्या तासात निदान तीस टक्क्यांनी उतरली. सलाइनचे इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. ना अंमली औषध, ना यंत्र, आणि परिचारिका ते देऊ शकते. आपल्या आरोग्य केंद्रांसाठी यापेक्षा सोयीचा उपाय शोधून सापडणार नाही.

तिसरा उपाय नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा, म्हणजे एन्टोनॉक्सचा. आई मुखवटा स्वतः हातात धरते आणि कळ सुरू होताच श्वास घेते. गुंगी जास्त झाली तर हात आपोआप खाली येतो, हीच त्यातली सुरक्षा. एपिड्युरलइतका आराम मिळत नाही, पण अनेकींना तेवढा आधार पुरतो. आपल्याकडे मात्र एक सावधगिरी हवी. नायट्रस ऑक्साइड शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व निकामी करते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उभ्या केलेल्या अभ्यासात जवळच्या खेड्यांतल्या दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी-१२ कमी आढळले होते. थोडा वेळ घेतलेल्या वायूने सहसा अपाय होत नाही, पण ज्यांना तीव्र कमतरता आहे त्यांना तो देऊ नये. शिवाय हा वायू हवामानाला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कित्येक पटींनी घातक आहे. म्हणून गळती रोखणे आणि खोलीत हवा खेळती ठेवणे आवश्यक ठरते.

चौथा मार्ग इंजेक्शनांचा. पेथिडिन वर्षानुवर्षे वापरात आहे, पण ते वेदनेपेक्षा गुंगीच जास्त आणते आणि बाळाचा श्वास मंदावू शकते. ब्रिटनमधल्या 'रेस्पाइट' चाचणीत (२०१८) ४०१ स्त्रियांपैकी निम्म्यांना पेथिडिन आणि निम्म्यांना रेमिफेंटानिल दिले. रेमिफेंटानिलचा असर काही मिनिटांतच उतरतो आणि आई बटण दाबून ते स्वतः घेते. पुढे एपिड्युरल मागण्याची वेळ पेथिडिनच्या गटात ४१ टक्के, तर रेमिफेंटानिलच्या गटात १९ टक्के स्त्रियांवर आली. परंतु रेमिफेंटानिलने आईचा श्वास मंदावण्याचा धोका असतो, त्यामुळे एका बाळंतिणीमागे एक परिचारिका हवी. संग्रामपूरमध्ये ते आज बसणार नाही, मोठ्या रुग्णालयात बसेल. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. अशा मातांना पेथिडिन टाळावे, त्यांचे अंग कोरडे पडू देऊ नये आणि शक्य असेल तिथे एपिड्युरल द्यावे. कारण न आवरलेली वेदनाच त्यांच्या आजाराचा झटका आणू शकते.

सिझरनंतरची वेदना

२०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणानुसार राज्यातल्या २५.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या. त्यामुळे वेदनाशमनाचा विचार टाके घातल्यानंतरही चालू राहायला हवा. सिझरसाठी पाठीत भूल देताना त्याच सुईतून अगदी अल्प मॉर्फिन दिले, तर साधारण दिवसभर आराम मिळतो. त्यासोबत पॅरासिटामॉल आणि दाह कमी करणारी वेदनाशामके ठरलेल्या वेळी द्यावीत, असे आजचे मार्गदर्शन आहे. आई ओरडू लागल्यावर औषध आणायला धावणे ही पद्धत मोडीत काढायला हवी. मॉर्फिन देता येत नसेल तर पोटाच्या स्नायूंमधल्या नसा बधिर करण्याचे पर्यायही आहेत.

इथे संग्रामपूरला एका विशेष धोक्याचे भान हवे. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुके मूत्रपिंडाच्या आजारांसाठी ओळखले जातात. सिझरनंतर सर्रास दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे दाहशामक दुबळ्या मूत्रपिंडाला घातक ठरते. इथल्या प्रत्येक गरोदर स्त्रीचे मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनीन तपासून मगच ते लिहावे. जागतिक मार्गदर्शन स्थानिक पाण्याच्या चवीशी जुळवून घ्यावे लागते, त्याचे हे ठळक उदाहरण आहे.

मनाच्या वेदनेवरही संशोधन चालू आहे. चीनमध्ये गरोदरपणापासूनच उदासीनतेची लक्षणे असलेल्या ३६४ मातांना प्रसूतीनंतर लगेच एस्केटामिन या भुलीच्या औषधाची एक अल्प मात्रा किंवा नुसते सलाइन दिले. दीड महिन्याने गंभीर नैराश्य एस्केटामिन गटात ६.७ टक्के, तर दुसऱ्या गटात २५.४ टक्के मातांत आढळले (२०२४). निष्कर्ष आशादायक आहे, पण रोजच्या वापरासाठी आणखी चाचण्या हव्यात.

संग्रामपूरपर्यंत कसे पोचेल

फ्रान्समध्ये २०१६ मध्येच कळा घेणाऱ्या पाचपैकी चार स्त्रियांना एपिड्युरल मिळत होते. चीनने २०१८ मध्ये वेदनारहित प्रसूतीचा सरकारी कार्यक्रम सुरू केला आणि त्यासाठी ९१३ रुग्णालये निवडली. म्हणजे मोठ्या लोकसंख्येच्या देशातही हे धोरण म्हणून राबवता येते. आपल्याकडे पायाभूत गोष्टी आहेत. एमबीबीएस डॉक्टरांना प्रसूतीसाठी भूल देण्याचे जीवरक्षक प्रशिक्षण देण्याची योजना जुनीच आहे. सुरुवातीला ते १८ आठवड्यांचे होते. २०१८ पासून प्रसूतिसेवेत पारंगत परिचारिका घडवण्याचे राष्ट्रीय धोरण आहे. बुलढाण्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असले, तरी भूलशास्त्राचे प्रशिक्षण आता जिल्ह्यातच देता येईल.

विदर्भात संशोधनही होऊ शकते. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर स्त्रियांवर कळा सुरू करण्याच्या दोन पद्धतींची चाचणी झाली आणि ती २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरी होणाऱ्या ७७२ प्रसूतींचा पाठपुरावा केला. त्यात निम्म्याहून अधिक मातांना काही ना काही आजार किंवा गुंतागुंत झाल्याचे दिसले. खेड्यातल्या बाळंतिणीचा त्रास मोजला, तरच तो धोरणात येतो. पाण्याच्या इंजेक्शनांची, सोबतिणीच्या उपस्थितीची आणि एन्टोनॉक्स वापरताना बी-१२ च्या पातळीची पाहणी बुलढाणा जिल्ह्यातही करता येईल.

त्यासाठी चार कामे आजच हाती घेता येतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या प्रसूती-नोंदपत्रात सोबत, वेदनाशमन, पेय आणि शरीराची स्थिती यांचे रकाने आहेत. ते तालुक्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात भरले जावेत. सोबतिणीला आत येऊ द्यावे. परिचारिकांना पाण्याच्या इंजेक्शनांचे प्रशिक्षण द्यावे. ज्या मातेला हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा सिकलसेल आहे, तिला कळा सुरू होण्याआधीच खामगाव किंवा अकोल्याच्या, भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात नोंदवावे. यातल्या पहिल्या तिन्ही कामांना नवी इमारत लागत नाही.

एखाद्या स्त्रीला काहीही औषध न घेता बाळंत व्हायचे असेल, तर तो तिचा निर्णय आहे आणि त्याचा मान राखायला हवा. पण आराम मागणारीला तो सरसकट नाकारण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण आता उरलेले नाही. म्हणून संग्रामपूर तालुक्यातल्या प्रत्येक गरोदर स्त्रीने, तिच्या नवऱ्याने आणि सासूने तपासणीला गेल्यावर परिचारिकेला आणि डॉक्टरांना सरळ विचारावे: कळा कमी करण्यासाठी इथे काय मिळेल, आणि इथे नसेल तर कुठे मिळेल? हा प्रश्न विचारण्याचा हक्क तुमचा आहे, आणि त्याचे उत्तर देणे हे आरोग्यव्यवस्थेचे कर्तव्य आहे.